बुडवून बघणारे मालक

आमचे घरमालक कुठल्याही वस्तूवर ती पाण्यात बुडवून बघितल्याशिवाय विश्वास ठेवत नसत. भाचीच्या नवऱ्यानं आखातातून त्यांच्यासाठी घड्याळ आणलं. पाण्यात खराब होत नाही, असं तो बिचारा कौतुकानं सांगत होता. मालकांनी ते सगळ्या पाहुण्यांसमोर बादलीत सोडलं, वर पाट झाकला आणि जेवायला बसले. जेवण झालं, सुपारी झाली, मग घड्याळ काढून कानाला लावलं, मान हलवली आणि मनगटावर बांधलं. जावयाचा घास तोवर घशाखाली उतरला नव्हता. नवी छत्री आली की ती आधी नळाखाली उघडायची. माडीवर राहणारे देशमुख मास्तर एकदा नवा रेनकोट घालून ऐटीत जिना उतरले, तर मालकांनी तांब्याभर पाणी त्यांच्या खांद्यावर ओतलं. मास्तर आतून कोरडे राहिले म्हणून बरं, नाहीतर त्या दिवशी खोली सोडून गेले असते.

या प्रकाराला मालक 'तसदीक' म्हणत. त्यांची शाळा निजामाच्या अमलात उर्दूतून सुरू झाली होती. पोलीस ॲक्शन झाली आणि पुस्तकं मराठी झाली, पण काही शब्द त्यांच्या तोंडात तसेच राहून गेले. पुढं जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केल्यामुळं ते शब्द आणखी पक्के झाले. आपण खातरजमा म्हणतो तिथं ते तसदीक म्हणायचे. "तसदीक झाली का?" हा त्यांचा सगळ्यांना सारखाच प्रश्न असे, मग समोर दूधवाला असो की डॉक्टर.

दुसरी खोड याहून वाईट होती. पुढं होणाऱ्या कुठल्याही गोष्टीबद्दल ते हो किंवा नाही म्हणत नसत. लग्नाची पत्रिका घेऊन कुणी आलं, "येणार ना?" म्हणालं, तर उत्तर ठरलेलं होतं. "आलो की दिसेन." आता लग्नाचं सोडा, पण औरंगाबादेत त्या दिवसांत नळाला दिवसाआड पाणी यायचं आणि तेही कधी यायचं नाही. पाणी सोडणारा माणूस मालकांच्या ओट्यावर बसून चहा पिऊन जायचा, म्हणजे आतली बातमी त्यांच्याकडं असायचीच. सकाळी आम्ही भाडेकरू बादल्या घेऊन उभे राहायचो आणि विचारायचो, "मालक, आज पाणी येईल का?"

"आल्यावर सांगतो."

आल्यावर आम्हालाही दिसतच होतं की! मला या उत्तराचा इतका संताप यायचा की एखाद्या दिवशी रिकामी बादली त्यांच्याच डोक्यावर घालावी असं वाटे.

मी परभणीहून नोकरीसाठी आलो तेव्हा उस्मानपुऱ्यात त्यांची मागची खोली रिकामी असल्याचं कळलं. भेटायला गेलो तर त्यांनी गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेसुद्धा विचारलं नाही.

"काम कुठं करता?"

"चिकलठाण्याला. पॅकिंगचं सामान बनवतात तिथं. स्टोअरला आहे."

"पॅकिंगचं म्हंजे? थर्माकोल, फोम असलं?"

"तेच."

"मग ऱ्हावा," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "सामान आणताना एकेक तुकडा घेऊन या. विटेएवढा."

का ते मागच्या अंगणात गेल्यावर कळलं. पाण्यावर काय तरंगतं, याची त्यांना तसदीक करायची होती. कडुनिंबाखाली एक होडी पालथी पडली होती. छोटीच, दोन माणसं अंग चोरून झोपतील एवढी, फायबरची, कधीकाळी निळी असावी. ज्या शहरात माणसं टँकरमागं हंडे घेऊन पळत होती, त्या शहरात हा माणूस होडी दुरुस्त करत होता. गल्लीतले लोक येता जाता विचारत, "मालक, नळाला पूर यायचाय काय?" मालक म्हणत, "आल्यावर सांगतो."

होडी त्यांना जुन्या मोंढ्यातल्या एका भंगारवाल्याकडं सापडली होती. कुठल्यातरी बंद पडलेल्या बागेतल्या तळ्यावरची होती. तिच्या भेगा बुजवायला त्यांनी सत्तारभाईंना आणलं. सत्तारभाईंचं शहागंजला दुकान होतं, कूलरचे फायबरचे टब बनवायचे. त्यांनी भेगा बुजवल्या, घासूनपुसून होडी गुळगुळीत केली, पण ती उचलायला गेलो तर चौघांना हलेना. "फायबर इतना भारी नहीं रहता साब," सत्तारभाई म्हणाले. "इसके पेट में कुछ है."

पेट म्हणजे बसायच्या बैठका. त्या पेटीसारख्या बंद होत्या. सत्तारभाईंनी एक कापली तर आतून पिवळट काळा फोम निघाला, पाणी पिऊन गच्च झालेला. हातात घेऊन दाबला तर पाणी गळायला लागलं, आणि उग्र वास. होडीत पाणी भरलं तरी ती तळाला जाऊ नये म्हणून बैठकांत हा फोम भरलेला असतो, हे मला त्या दिवशी समजलं. इथं त्यानंच पाणी पिऊन घेतलं होतं. जो होडीला वर धरणार, तोच तिला खाली ओढत होता.

मालकांनी तो लगदा हातात घेऊन पिळून बघितला. "बनवणाऱ्यानं भरवशानं भरला आसंल," ते म्हणाले. "भरल्यावर परत कुणी बघितलं नाय."

तेव्हापासून नवा फोम कुठला भरायचा, या एका प्रश्नात त्या घराची वर्षं गेली. त्यांनी अंगणात एक लोखंडी पिंप मांडलं. ते भरायला लागणारं पाणी त्यांनी आमच्या वाट्यातलं घेतलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. स्वतःच्या आंघोळीचं पाणी ते पिंपात ओतत आणि तांब्याभर पाण्यात अंग पुसून घेत. उन्हाळ्यात त्यांच्याजवळ बसणं अवघड व्हायचं, पण तक्रार कोणत्या तोंडानं करणार?

मी कारखान्यातून साहेबांना विचारून एकेक तुकडा आणायचो. मालक समोरच्या किराणावाल्याचा तराजू आणून तो तुकडा तोलायचे, दगड बांधून पिंपात सोडायचे आणि पिंपावर झाकण ठेवायचे. महिना उलटला की काढून, पुसून, परत तोलायचे. वजन वाढलं म्हणजे तो पाणी प्याला. गादीचा स्पंज पाणी पितो हे शेंबडं पोरही सांगेल, पण मालकांनी तोसुद्धा बुडवला. मी हसलो तर म्हणाले, "तुम्हाला ठाव हाय. पिंपाला विचारलं का?"

माझा सगळा भरवसा थर्माकोलवर होता. हलका, स्वस्त, महिनाभर बुडवून ठेवला तरी तराजूचा काटा जेमतेम हललेला. मालकांनाही तो पटत आला होता. एका रविवारी मी पोतं भरून तुकडे आणले, आम्ही ते बैठकीत ठासून भरले आणि सत्तारभाईंनी वरून फायबरचा थर द्यायला रेझिन ओतलं. ओतलं तसं ते आत आत जायला लागलं. सत्तारभाईंनी आणखी ओतलं, तेही आत गेलं. वाकून बघतो तर थर्माकोल नव्हताच. तळाशी चिकट पांढरा राबडा तेवढा उरला होता.

"या अल्ला," सत्तारभाई हातातला ब्रश तसाच धरून म्हणाले, "चाय में शक्कर घुलती वैसा घुल गया. साब, मैंने मखर में इतना थर्माकोल काटा, रेझिन कभी नहीं डाला था उसपे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालक मात्र इतके खूश झाले की त्यांनी काकूंना चहा टाकायला सांगितलं. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. "बरं झालं, हितंच कळलं," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. माणूस फजितीनं एवढा आनंदलेला मी दुसरा पाहिला नाही.

मग दोन रसायनं एकत्र ओतली की फसफसून फुगणारा फोम आला, फ्रिजच्या दारात असतो तसला. तो मेच्या उन्हात इतका फुगला की बैठकीचा जोड फाटून बाहेर आला. तरी त्याचा एक तुकडा मालकांनी पिंपात सोडला. पावसाळाभर त्यानं थोडं थोडं पाणी घेतलं. होडीतून निघालेला जुना फोम याच जातीचा होता, असं सत्तारभाईंनी ओळखलं, आणि मालकांनी तो बाजूला ठेवला. काचेच्या सामानाखाली घालतात तो पांढरा, चिवट, चपलेच्या तळव्यासारखा फोम मी सगळ्यात शेवटी आणला. त्याची कात्रणं आमच्याकडं फेकून द्यायचे. हा काही पाणी घेईना. महिन्यामागून महिने गेले, वजन तेच. रेझिननंही विरघळेना. फक्त त्याला कुठलाच गोंद धरत नव्हता, पण मालक म्हणाले, धरला नाही तर ठासून बसवू. मी म्हणालो, "मग हाच ठरवायचा ना?"

"वर्ष भरू दे."

आणि नेमकं वर्ष भरत आलं असताना काकूंनी ते पिंप रिकामं केलं.

काकूंचे भाऊ, भावजय आणि मुलं पाचोडजवळच्या त्यांच्या नव्या गावाहून आली होती. तीन दिवस नळ कोरडा होता. काकूंनी पिंपाचं झाकण काढलं, दगड बांधलेले तुकडे उचलून भिंतीला लावले आणि सगळ्या पोरांना त्या पाण्यानं न्हाऊ घातलं. मालक बाहेरून आले. त्यांनी ओले तुकडे बघितले, न्हायलेली पोरं बघितली आणि आत जाऊन शर्ट बदलला. दुसऱ्या दिवशी पाणी आल्यावर त्यांनी पिंप परत भरलं आणि वर्ष पहिल्यापासून मोजायला घेतलं.

मला राहवलं नाही. संध्याकाळी काकू ओट्यावर मेथी निवडत होत्या, त्यांना म्हणालो, "काकू, दोन माणसांची होडी, तुम्ही दोघंच बसणार ना तिच्यात? मग त्यांना अडवता कशाला?"

"मी? मी कशाला बसू? मी म्हणले होते का त्यांना होडी आणा म्हणून?" मेथीची जुडी त्यांनी जोरात आपटली. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "माझं माहेर हाय ना पाण्याखाली. पैठणच्या धरणात गेलं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. धरणाचं काम चाललं होतं तेव्हा मालक जमीन ताब्यात घेणाऱ्या कचेरीत कारकून होते. पाणी कुठवर चढणार त्याचा नकाशा त्यांच्या डोळ्यांखालून गेला होता. काकूंच्या वडिलांचं घर गावात सगळ्यात उंचावर होतं. ते जावयाला विचारायचे, "पाणी आपल्या उंबऱ्यापर्यंत येईल का?" नकाशातली रेघ उंबऱ्याच्या बरीच खाली होती. मालकांनी सांगितलं, "नाय येणार. निवांत बसा."

"सगळ्या गावानं दारं काढली, चौकटी काढल्या, माळवदाची सागवानी लाकडं गाडीत घालून नेली," काकू म्हणाल्या. "आमचे आप्पा निवांत बसले. जावई कचेरीत हायेत म्हणाले. मग धरण पहिल्यांदा भरलं. अंगणात आलं, वट्यावर आलं, उंबरा वलांडला. भांडीकुंडी, माणसं, जनावरं तेवढी निघाली. घर हाय तसं गेलं, दाराला कडी लावलेलं." त्यांनी मेथीची काडी मोडली. "आप्पा एका शब्दानं बोलले नायत यांना. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून हा माणूस कुणाला व्हय म्हणत नाय का नाय म्हणत नाय."

रोज सकाळी बादली घेऊन मी ज्या माणसावर चिडत होतो त्याच्यावर आता चिडता येईना. "पाणी येईल का" हा प्रश्न मी त्यानंतर त्यांना विचारला नाही.

"उन्हाळ्यात पाणी हटतं तेव्हा लोक जातात बघायला," काकू म्हणाल्या. "देवळाचं शिखर दिसतं, भिंती दिसतात. मी नाय गेले. चिखलात उघडं पडलेलं माहेर काय बघायचं? म्हणून ह्यांनी होडी काढली. भरल्या पाण्यावरून नेतो म्हणतात. म्हणजे म्हणत नायत, पर मला कळतं." त्यांनी निवडलेली मेथी पदरात गोळा केली. "मी बसायची नाय. त्यांच्या भरवशावर आप्पा एकदा बसले तेवढं पुरे."

दुसरं वर्ष भरलं. पांढऱ्या फोमनं गुंजभरही पाणी घेतलं नव्हतं. सत्तारभाईंनी तो होडीच्या तळाला आणि बैठकांत ठासून भरला आणि आम्ही टेम्पोत घालून होडी हर्सूलच्या तलावावर नेली. मालकांच्या मते होडी कोरडी तरंगली तर ती तसदीक नव्हे. त्यांनी सत्तारभाईंना आत बसवलं आणि तळाचं बूच काढलं. होडी भरली, बुडाली नाही, पण डुलत डुलत एकदम पालथी झाली. सत्तारभाई पाण्याबाहेर आले ते ओरडतच. "दो साल फोम को डुबाया, अब मेरे कू डुबाते क्या साब?" फोम तळाला असला की भरलेल्या होडीचा तळच वर येतो, तो कडांना वर भरायला हवा, हे त्या दिवशी कळलं. मालकांनी पुन्हा सगळ्यांना चहा पाजला. फोम काढून दोन्ही कडांच्या आतून आणि बैठकांखाली बसवण्यात आणखी काही महिने गेले.

पैठणच्या धरणाचा नाथसागर भरला होता आणि दिवाळी होऊन पाणी निवळलं होतं, तेव्हा आम्ही गेलो. काकू बरोबर आल्या होत्या, पण "मी काठावर बसणार" हे त्यांनी टेम्पोत चढतानाच सांगून ठेवलं होतं. तिथल्या किसनराव नावाच्या मासेमाराला मालकांनी आधी गाठलं होतं. काकूंचं गाव पाण्याखाली कुठं आहे हे त्याला जाळ्यावरून माहीत होतं. जाळं जिथं हमखास अडकायचं, तिथं देवळाचं शिखर होतं.

काठाजवळ मालक एकटे होडीत बसले आणि त्यांनी बूच काढलं. पाणी आत आलं, वर चढत गेलं, बैठकीला टेकलं आणि थांबलं. होडी आडवी झाली नाही, पालथी झाली नाही. मालक भिजलेलं धोतर सावरत मध्येच बसून राहिले, काकूंकडं बघत.  आम्ही होडी काठावर ओढून पाणी उपसलं, बूच बसवलं.

काकू उठल्या. लुगड्याचा ओचा खोचला, चपला काठावर काढून ठेवल्या आणि म्हणाल्या, "चला."

त्या दोघांची होडी पुढं आणि किसनरावाच्या होडीत मी आणि सत्तारभाई मागं, असे निघालो. मालकांना वल्हवायची फारशी सवय नव्हती, होडी जरा वाकडीतिकडीच जायची. ऊन कोवळं होतं, वारा नव्हता. बरंच आत गेल्यावर किसनरावानं हात वर केला. "हे देऊळ आलं, मावशे. तुमचं घर आसंच पुढं, उगवतीच्या अंगाला."

मालकांनी तेवढं वल्हवलं आणि थांबले. काकू खाली बघत होत्या. पाणी हिरवं, खोल, दिसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "बूच काढा."

"आता? हितं?"

"काठावर दावलं ते काठापुरतं झालं. हितं दावा."

सत्तारभाई आमच्या होडीत ताडकन उभेच राहिले. "नक्को साब!" किसनरावानं त्यांना धरून खाली बसवलं आणि आमची होडी अगदी त्यांच्या कडेला नेऊन लावली. मालकांनी वल्ही आत घेतली. मग ते वाकले आणि त्यांनी बूच काढलं.

पाणी आलं. काकूंचे तळवे बुडाले, जोडवी बुडाली, पोटऱ्या बुडाल्या. दोन्ही हातांनी बैठक घट्ट धरून त्या बसल्या होत्या. पाणी गुडघ्यांशी आलं तेव्हा त्यांनी मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं.

"अहो, वर येईल का हे आणखी?"

मला वाटलं, आता म्हणतील, आल्यावर सांगतो. मालकांनी होडीच्या कडेकडं पाहिलं नाही, पाण्याकडं पाहिलं नाही. त्यांचा आवाज इतका बारीक निघाला की शेजारच्या होडीतून मला जेमतेम ऐकू आला.

"नाय येणार. निवांत बस."

पाणी बैठकीला टेकलं आणि थांबलं. काकूंनी बैठकीवरचे हात सोडले, ते मांडीवर घेतले आणि त्या निवांत बसल्या. पाय पाण्यातच होते.